एका 'एस'साठी

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय व्याकरणावर आहे. हसू नका. नर्सिंगला गेलेल्या आपल्या पोरींच्या वह्या उघडून बघा. मराठी मीडियमची पोरगी. रात्रपाळी करते, सलाईन लावते, रक्त बघून डगमगत नाही. आणि वहीत लाल शाई सांडलेली असते 'इज-आर'वर, 'हॅज-हॅव'वर. वर शेरा, हिला इंग्रजी येत नाही.

मी गोदीत लोखंड उचलणारा मॅट्रिक माणूस. पण एवढं कळतं की पोरगी कच्ची नाही. तिच्या डोक्यात मराठीचं व्याकरण पक्कं बसलंय आणि ते या बाबतीत इंग्रजीहून भारी आहे. आपलं क्रियापद वचन बघतं, पुरुष बघतं, लिंगही बघतं. कधी कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. 'सिस्टरने गोळ्या दिल्या आहेत.' हे 'दिल्या' कुणामुळे? गोळ्यांमुळे. म्हणून पोरगी लिहिते, 'सिस्टर हॅव गिव्हन टॅब्लेट्स'. इंग्रजी क्रियापद गोळ्यांना विचारत नाही. देणारी एक, तर 'हॅज'. गोळ्या शंभर का असेनात.

दुसरी खोड जास्त खोल. 'डॉक्टर आले.' आला एकच, पण 'आले'. वॉर्डबॉय मात्र 'आला', झाडूवाली 'आली'. आपलं क्रियापद आधी माणसाची पायरी बघतं, मग शेपूट लावतं. तीच सवय लिहिते, 'डॉक्टर आर कमिंग'. इंग्रजीत डॉक्टर कम्स, वॉर्डबॉय कम्स, स्वीपर कम्स. तिघांना एकच 'एस'. (इंग्रज काही समतेचा पुजारी नव्हता. मी व्याकरणापुरतं बोलतोय.) त्यांच्यातही 'तू' होता, 'दाऊ'. 'यू' म्हणजे तुम्ही. पुढे नेहमीच्या बोलण्यातून 'दाऊ' गेला आणि सगळ्यांनाच 'तुम्ही' उरलं. म्हणून समोर एकटा पेशंट असला तरी 'यू आर'.

१८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणणाऱ्या सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. हे बहुवचन मी हक्कानं लावतोय.

आता तो 'एस'. नर्स चेक्स, नर्सेस चेक. नामाला लागला की क्रियापदाचा सुटतो. बहुतेक जागी एवढंच. मीझल्स, डायबेटिस यांच्या शेवटी 'एस' दिसतो, पण रोग एकच, म्हणून 'इज'. बॅक्टेरिया मुळातच अनेक, म्हणून 'आर'. दहा एमएल मोजून दिलं तरी माप एकच: 'टेन एमएल इज गिव्हन'.

खरी मेख लांब वाक्यात. 'द ड्रेसिंग ऑन बोथ लेग्ज इज वेट.' डोळा 'लेग्ज'वर अडकतो आणि हात 'आर' लिहून मोकळा. जहाजात हजार कॉइली असल्या तरी धक्क्याला लागतं ते जहाज. 'ऑन', 'ऑफ', 'विथ' यांच्यानंतर येतो तो बहुतेक वेळा नुसता माल. 'वन ऑफ द टॅब्लेट्स इज मिसिंग.' इथे 'आर' पडला तर पुढच्या पाळीची नर्स चार्ट हातात धरून थांबते. एक हरवली की जास्त? पेशंटच्या उशाशी हा घोळ परवडत नाही.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी दोघी-तिघी वह्या घेऊन बसतात. त्यांना एकच सांगतो. कर्त्याखाली रेघ मारा, मधलं सगळं अंगठ्याखाली झाका आणि मोठ्यानं वाचा. द ड्रेसिंग... इज वेट.