जिताड्याची वाट

मूल तेरा-चौदाचं झालं की घरातलं बोलणं आखडतं. ‘अभ्यास झाला?’ ‘झाला.’ ‘नमाज पढलास?’ ‘पढलो.’ पुढे काही नाही. पालकसभेत अनेक अब्बा आम्हाला हळूच विचारतात, पोरगं बोलतच नाही, काय करावं? आम्ही सांगतो, एक दिवस त्याला खाडीवर गरवायला न्या. मुलगी असेल तर तिलाही न्या.

पनवेलकरांना लांब जायची गरज नाही. गाढी, काळुंद्रे, कासाडी या नद्या पनवेलच्या खाडीत उतरतात. गोडं पाणी खाऱ्याला मिळतं, तिथे रायगडचा मानाचा मासा राहतो, जिताडा. तिवरांच्या मुळांशी, बांधाच्या उघाडीजवळ तो दबा धरून बसतो. दिवसभर गळ टाकूनही एखादे वेळी हाताला लागत नाही. हे मुलाला निघण्याआधीच सांगावं, म्हणजे रिकामी पिशवी हार वाटत नाही.

बेत मुलाकडून आखून घ्या. पावसाळा सरल्यावरचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस बरे. भरतीची वेळ घरातल्या चांदच्या कॅलेंडरवरून काढता येते. चांदच्या तारखेत साधारण एक मिळवला की तिथी येते. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीचा तास. चांद 5 असेल तर तिथी 6. सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे दुपारी साडेचार. हा अंदाज मुंबईच्या किनाऱ्याचा. आत खाडीत पाणी चढायला थोडा उशीर लागतो. निघण्याआधी भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहावं. अमावास्या-पुनवेच्या उधाणात पाण्याला फार ओढ असते. पहिल्या खेपेला अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी निवडावं.

सामान थोडंच लागतं: दांडी, रीळ, जाड तंगूस, मजबूत गऱ्या, पक्कड, पाणी, टोपी आणि जानमाज. आमिषाला मेलेली कोळंबी किंवा बोयटाचा तुकडा लावावा. जिवंत किडा गरीला टोचणं अनेक उलेमांनी नापसंत केलं आहे आणि मुलालाही ते शिकवू नये. चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास बसावं, अस्र काठावरच पढावी आणि मगरिबच्या आत घरी परतावं.

उभं राहायचं ते पक्क्या बांधावर. तिवरांतल्या चिखलात पाऊल टाकू नये. गुडघाभर वाटणारा गाळ माणसाला धरून ठेवतो आणि पाणी चढत राहतं. बांध, उघाडी, तलाव कुणाच्या तरी पोटापाण्याचे असतात. तिथल्या कोळी-आगरी बांधवांना आधी विचारावं, जाळं लावलेलं असेल तिथे गळ टाकू नये. माशाबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते आमच्या पुस्तकांत नाही. कुठला मासा खावा हेही त्यांनाच विचारा. तळोज्याच्या कारखान्यांमुळे झालेल्या कासाडीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे; तिच्या मुखाशी पकडलेला मासा ताटात घेऊ नये.

जिताडा लागलाच तर कल्ल्याला हात घालू नका, त्याच्या कडा पात्यासारख्या असतात. हातभर न भरणारा मासा पाण्यात सोडावा. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मोठे झाल्यावर मादी होतात. लहानपणीच उचलले तर अंडी घालायला मादी उरणार कुठून? माशाला जबह लागत नाही, पण त्याला उन्हात तडफडत ठेवणं रहमत नव्हे. ठेवायचा तो लगेच मारावा, बर्फात घालावा, आणि खाऊ तेवढाच ठेवावा.

आता मुख्य गोष्ट. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) एका तरुण साथीदाराला घेऊन दोन समुद्रांच्या संगमाकडे निघतात. सोबत मासा असतो. तो पाण्यात निसटतो आणि साथीदार ते सांगायला विसरतो. पुढे थकून ते जेवण मागतात, तेव्हा तो चूक सांगून टाकतो. मूसा (अ.) त्याच्यावर रागावत नाहीत. आपण शोधत होतो ती जागा तीच, हे ओळखून ते त्याच वाटेने त्याला घेऊन मागे फिरतात. त्या वाटेवरच पुढे हजरत खिज्र (अ.) भेटतात.

खाडीवर मुलाकडून तंगूस गुंतेल, गरी मुळात अडकून तुटेल, हाताशी आलेला मासा निसटेल. त्या क्षणी अब्बा काय बोलतात, हे मूल कान देऊन ऐकत असतं. मोबाइल हरवला, पेपर वाईट गेला, वाईट संगत लागली, हे उद्या घरी सांगायचं की लपवायचं, ते मूल तिथे ठरवतं. म्हणून निसटलेल्या माशावर ओरडू नका. गुंता सोडवायला त्याच्या शेजारी बसा, नवी गरी बांधायला त्यालाच द्या. घरी मासा आला नाही तरी चालेल. वाटेत बाजार आहेच.