वड्याचं तेल वांग्यावर

फुटबॉल वर्ल्ड कप जवळ आला की एक रील हमखास फिरायला लागतं. ‘एका मॅचसाठी दोन देशांत युद्ध झालं होतं, माहितीये?’ खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. देश कोणते, तर एल साल्वादोर आणि होंडुरस, मध्य अमेरिकेतले शेजारी. साल १९६९. मॅचवरून भांडले आणि थेट सैन्य घेऊन निघाले, किती येडे लोक!

मला या रीलचा राग येतो. बिचाऱ्या खेळावर आळ येतो, हे एक झालंच. पण लोकांची डोकी भडकतात आणि मग देश लढतात, ही जी आळशी समजूत आपल्या मनात बसलीय, ती अशा गोष्टींमुळे आणखी पक्की होते. ती कुणाच्या फायद्याची आहे, हे कुणी विचारतच नाही.

आधी मॅचचं उरकून टाकू. वर्ल्ड कपची पात्रता फेरी होती. ८ जूनला तेगुसिगाल्पात होंडुरस १-० ने जिंकलं, १५ जूनला सान साल्वादोरमध्ये एल साल्वादोर ३-० ने. निकालासाठी तिसरी मॅच मेक्सिको सिटीत झाली आणि जादा वेळेत एल साल्वादोरने ती ३-२ अशी घेतली. पाहुण्या संघाच्या हॉटेलबाहेर रात्रभर दंगा घालून त्यांना झोपू न देणं, मारामाऱ्या, हे सगळं दोन्हीकडे झालं. मग १४ जुलैला एल साल्वादोरच्या विमानांनी होंडुरसवर बॉम्ब टाकले आणि सैन्य सीमा ओलांडून आत घुसलं.

जरा थांबा. तिसरी मॅच जिंकली एल साल्वादोरने आणि हल्लाही केला एल साल्वादोरनेच. जिंकलेल्यांना एवढं चिडायचं काय कारण? रील इथेच फसतं, पण तीस सेकंदांत कोण कशाला विचार करतोय.

आता जमिनीकडे येऊ. एल साल्वादोर आकाराने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा, सुमारे २१,००० चौरस किलोमीटर. तिथली चांगली जमीन मूठभर घराण्यांच्या हातात. ‘चौदा घराणी’ असा तिथे शब्दच रूढ होता. त्या जमिनीवर कॉफी पिकायची आणि बाहेर जायची. १९३२ साली शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा लष्कराने काही आठवड्यांत हजारो माणसं मारली. त्या कत्तलीला तिथे नुसतं ‘ला मातान्सा’ म्हणतात, म्हणजे ‘कत्तल’. पुढे कोणी जमिनीचं नाव काढायचं? ज्यांना घरी तुकडा मिळाला नाही ते सीमा ओलांडून होंडुरसमध्ये गेले. हा देश पाचपट मोठा, माणसं कमी. १९६९ पर्यंत तिथे सुमारे ३ लाख साल्वादोरी होते. रान साफ करून मका लावत होते, केळीच्या मळ्यांत राबत होते.

पण होंडुरसमध्येही जमीन मोकळी पडलेली नव्हती. मोठे जमीनदार, गुरांचे मळेवाले आणि युनायटेड फ्रूट ही अमेरिकी केळी कंपनी यांनी उत्तम जमीन धरून ठेवली होती. तिथला भूमिहीन शेतकरी संघटित होऊन ‘कसेल त्याची जमीन’ छापाची मागणी करू लागला. जनरल लोपेझ आरेयानो यांच्या लष्करी सरकारपुढे दोन वाटा होत्या. मळेवाल्यांची जमीन काढून द्यायची, नाहीतर दुसऱ्या कोणाची तरी. १९६२ च्या जमीन सुधारणा कायद्यात एक सोयीचं कलम होतं: वाटपाची जमीन जन्माने होंडुरन असलेल्यालाच. ते कलम आता बाहेर काढलं गेलं. साल्वादोरी कुटुंबांना जागा सोडायला सांगण्यात आलं. जमीनदारांच्या महासंघाने ‘हे परके घुसखोर’ असा धोशा लावला, वर्तमानपत्रांनी री ओढली. वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं.

मॅचेस चालू होत्या तेव्हा घरातून हाकलली गेलेली हजारो माणसं गाठोडी घेऊन एल साल्वादोरमध्ये परतत होती. तिथल्या सरकारला धडकी भरली ती या परतणाऱ्यांची. यांना जमीन कुठून देणार? ‘आपल्या माणसांच्या अपमानाचा बदला’ हे उत्तर त्यामानाने फार स्वस्त होतं. विरोधी पक्षही सरकारमागे उभे राहिले.

‘लोकसंख्या वाढली की युद्धं होणारच’ असं म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपवर असतात. विल्यम डरहम या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ च्या पुस्तकात नेमका हाच प्रश्न धसाला लावला. दोन्ही देशांतली जमीन कोणाकडे किती होती, हे त्याने तपासलं आणि दाखवून दिलं, की टंचाई जितकी माणसं वाढल्याने होती, त्याहून जास्त जमीन थोड्या हातांत गेल्याने होती. होंडुरससारख्या विरळ वस्तीच्या देशातही छोटा शेतकरी जमिनीतून उठतच होता.

आपली भाषाही यात सामील आहे, हे मला खुपतं. आपण म्हणतो ‘युद्ध पेटलं’, ‘तणाव वाढला’, ‘संबंध बिघडले’. वणवा लागावा तसं, कर्ता गायब. पेटवणे हे क्रियापद मराठीत आहे, पण ते आपण गावातल्या भांडणाला वापरतो आणि सरकारांना सूट देतो. ‘होंडुरसने हाकललं’ म्हणतानाही देश नावाचा एक माणूस डोळ्यांपुढे येतो. हाकलणारे मळेवाले होते, हुकूम सोडणारे जनरल होते. सीमेवर गोळ्या खाणाऱ्या दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची मागणी तर एकच होती.

रस्त्यावर ओरडणारी माणसं खरीच चिडलेली होती, मान्य. राग कुणी भाड्याने आणला नव्हता. पण राग असणं वेगळं आणि त्या रागाच्या हातात बॉम्बफेकी विमान देणं वेगळं. विमान फॅन क्लबकडे नसतं.

शंभरेक तासांत, १८ जुलैला अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने शस्त्रसंधी घडवून आणली. तोवर हजारो मेले होते, त्यात बहुतेक होंडुरसचे साधे नागरिक. होंडुरसच्या जनरलना जमीनदारांना फार दुखवावं लागलं नाही. एल साल्वादोरच्या सत्ताधारी पक्षाने पुढच्या वर्षीची निवडणूक आरामात जिंकली. संघ वर्ल्ड कपला गेला आणि तिन्ही मॅच हरून, एकही गोल न करता परत आला.

होंडुरसची वाट बंद झाल्यावर एल साल्वादोरमधले भूमिहीन देशातच अडकले. १९८० साली तिथे यादवी सुरू झाली, ती बारा वर्षं चालली आणि सुमारे ७५,००० माणसं मेली. शांतता करार १६ जानेवारी १९९२ ला झाला, तोही मेक्सिको सिटीतच. दोन्ही बाजूंच्या माजी सैनिकांना आणि जमीन कसत बसलेल्या कुटुंबांना जमीन द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे.