यंत्राचे अनुमान आणि वैद्याचा प्रश्न

छातीच्या क्ष-किरण चित्राचे वाचन संगणकाने करावे, ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या क्षयरोग-तपासणीसाठी अशा संगणकीय वाचनाची शिफारस केली. शिफारशीपूर्वी ज्या तीन प्रणालींचे मूल्यमापन झाले, त्यांतील एक मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर.एआय या कंपनीची होती. पुढे ७ डिसेंबर २०२४ पासून केंद्र शासनाने ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम हाती घेतली, तेव्हा हातात उचलून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे व त्यांच्या जोडीला संगणकीय वाचन यांचा उपयोग करण्यात आला. याचा अर्थ इतकाच की, ज्याच्या अहवालावर रेडिओलॉजिस्टची स्वाक्षरी नसून केवळ संगणकाने दिलेला एक आकडा आहे, असा रुग्ण उद्या आपल्याही चिकित्सालयात येणार आहे. त्या आकड्याचे आपण काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयावर वैद्यवर्गात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे शास्त्रबाह्य असून त्याच्याशी आपले कर्तव्य नाही. दुसरा पक्ष यंत्राचा आकडा आप्तवचनासारखा शिरोधार्य मानतो. माझ्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करतात. यंत्र काय करते, हे न पाहताच ते त्याचा स्वीकार किंवा त्याग करतात. यंत्राचे निदान हे आप्तोपदेश नव्हे व प्रत्यक्षही नव्हे. ते अनुमान आहे. अनुमान कसे तपासावे, हे मात्र आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकविण्याची गरज नाही.

यंत्राचे कार्य थोडक्यात असे. डिजिटल क्ष-किरण चित्र म्हणजे संगणकाच्या दृष्टीने आकड्यांची एक विस्तीर्ण चौकट असते. प्रत्येक बिंदूच्या काळेपणा-पांढरेपणाला एक संख्या. संगणक एक लहानशी खिडकी या चौकटीवरून सरकवीत नेतो आणि खिडकीतील संख्यांना ठरावीक वजने देऊन त्यांची बेरीज करतो. त्यातून प्रथम कडा, मग आकार, मग छायांच्या रचना त्याच्या नोंदीत येतात. ही वजने कोणी हाताने भरीत नाही. ज्यांचे निदान आधीच निश्चित आहे अशी हजारो चित्रे यंत्रापुढे ठेवली जातात, त्याचे उत्तर चुकले की वजनांत किंचित बदल केला जातो, आणि हा क्रम चूक कमीत कमी होईपर्यंत चालतो. शेवटी नव्या चित्रासाठी एक गुणांक मिळतो. किती गुणांकाच्या वर ‘संशयित’ म्हणावयाचे, ही सीमा मात्र यंत्र ठरवीत नाही. ती माणसे ठरवितात.

या पद्धतीचा लाभ खरा आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात, विद्यमान वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांपैकी करणदौर्बल्य आणि मनोनवस्थान, म्हणजे इंद्रियांचा दुबळेपणा व चित्ताची अस्थिरता, ही दोन कारणे यंत्राला बाधत नाहीत. दिवसातील दोनशेवे चित्र ते पहिल्या चित्राइतक्याच लक्षपूर्वक पाहते. परंतु आवरण, समानाभिहार आणि अतिसौक्ष्म्य ही कारणे त्यालाही लागू आहेत. फासळीमागे किंवा हृदयाच्या छायेमागे दडलेला व्रण त्यालाही हुकू शकतो, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन छाया त्यालाही सारख्याच वाटतात.

त्याहून गंभीर दोष व्याप्तीचा आहे. जेथे वह्नी तेथे धूम असे कोणी म्हणाले, तर नैयायिक विचारतात, ओल्या इंधनाचे काय? ओले इंधन हा तेथे उपाधी आहे. तो असेल तरच वह्नीपासून धूर निघतो. संगणकही अशाच सोपाधिक हेतूला बळी पडतो. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रणालीची परीक्षा अनेक रुग्णालयांच्या चित्रांवर घेतली गेली. तेव्हा असे दिसले की, चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे, हे यंत्र जवळजवळ अचूक ओळखीत होते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण दुसऱ्याच्या मानाने कितीतरी अधिक असल्याने, फुफ्फुस न पाहता रुग्णालय ओळखूनही यंत्राला बरेचसे गुण मिळविता येत होते. बाहेरच्या रुग्णालयातील चित्रांवर त्याची कामगिरी बहुतेक वेळा घसरली. यालाच आपण हेत्वाभास म्हणतो.

आता हा विचार आपल्या भूमीवर आणून पाहू. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे हा परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखला जातो. शाडू माती, प्लास्टर, घासकाम आणि फवाऱ्याने होणारे रंगकाम यांत माणसे वर्षानुवर्षे राबतात, आणि भाद्रपद जवळ आला की रात्रीचा दिवस करतात. त्या दिवसांत खोकला झाला तर तो ‘मातीचा खोकला’ म्हणून अंगावर काढला जातो. जिल्ह्यात दगडखाणी आहेत. आदिवासी वाड्यांतील कातकरी कुटुंबे हंगामात वीटभट्ट्यांवर जातात. सिलिकायुक्त धुळीने फुफ्फुसात होणारे विकार क्ष-किरण चित्रात क्षयासारखे दिसू शकतात, आणि सिलिकोसिस झालेल्यास क्षयरोगाचा धोकाही अधिक असतो. म्हणजे येथे समानाभिहार आणि खरा रोग एकाच छातीत नांदू शकतात. ज्या चित्रांवर यंत्र शिकले त्यांत अशी धूळ खाल्लेली फुफ्फुसे होती काय? हा प्रश्न यंत्र विकणाऱ्यास विचारणे हे आपले कर्तव्य आहे. आणि समोरचा माणूस काय काम करतो, हा प्रश्न यंत्र विचारीत नाही. तो वैद्यानेच विचारावयाचा आहे.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी यंत्राजवळ केवळ दर्शनाचा एक अंश आहे. प्रश्नावाचून त्या दर्शनाला अर्थ का येत नाही, हे साध्या गणिताने दाखविता येते. क्षयरोगाच्या प्राथमिक छाननीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने किमान अपेक्षा अशी ठेवली आहे की, शंभर क्षयरोग्यांपैकी ९० ओळखले जावेत आणि क्षय नसलेल्या शंभरांपैकी ७० जणांना निर्दोष म्हटले जावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षे व त्यावरील लोकसंख्येत फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखात ३१६ आढळले. तेव्हा सरसकट १०,००० प्रौढांची छाननी केली, तर त्यांत सुमारे ३२ क्षयरोगी असतील. यंत्र त्यांतील २९ ओळखील. पण त्यांच्याबरोबर सुमारे २,९९० निर्दोष माणसांवरही खूण करील. खूण झालेल्या शंभरांत खरा क्षयरोगी जेमतेम एक.

याउलट दीर्घकाळ खोकला, सायंकाळचा ज्वर, बलमांसक्षय असे विचारून निवडलेल्या १,००० जणांत, समजा, १०० क्षयरोगी आहेत. तेच यंत्र ९० ओळखील आणि २७० जणांवर उगाच खूण करील. म्हणजे खूण झालेल्या चारांत एक खरा. परंतु याच गटात यंत्राने निर्दोष ठरविलेल्या ६४० जणांत १० क्षयरोगी घरी परत जातील. यंत्र तेच, सीमा तीच, गुणांकही तोच. अर्थ बदलला तो केवळ प्रश्नपरीक्षेने. म्हणून लक्षणे बोलकी असतील तर यंत्राच्या ‘निर्दोष’ शेऱ्यावर विसंबू नये, आणि लक्षणे नसतील तर ‘संशयित’ शेऱ्याने रुग्णाला घाबरवू नये. दोन्ही प्रसंगी पुढची पायरी एकच आहे : थुंकीची तपासणी. सीबीनॅट किंवा गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट चाचणी यांतून जंतूची साक्ष मिळते. चित्र संशय निर्माण करते. निश्चय थुंकीने होतो.

तथापि हे सारे ऐकून यंत्राकडे पाठ फिरविणेही योग्य ठरणार नाही. उपर्युक्त सर्वेक्षणातच असे दिसले की, केवळ लक्षणे विचारली असती आणि छातीचे चित्र घेतले नसते, तर ४२.६ टक्के क्षयरोगी निसटले असते. ज्यांना लक्षणे होती त्यांतीलही सुमारे ६४ टक्के लोक कोणाकडेच गेले नव्हते. राजयक्ष्म्याची त्रिरूप, षड्रूप आणि एकादशरूप लक्षणे आपण पाठ केली आहेत. पण त्रिरूप प्रकट होण्यापूर्वीही मनुष्य घरातल्यांना संसर्ग देत असू शकतो. अशा वेळी सितोपलादी चूर्ण आणि वासावलेह यांवर दोन-तीन महिने काढणे हे शास्त्रनिष्ठेचे लक्षण नसून कालहानी आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येक रुग्णाची थुंकी तपासून घ्यावी आणि छातीचे चित्र काढून घ्यावे. निदान निश्चित झाल्यास राष्ट्रीय कार्यक्रमाची औषधे तत्काळ सुरू व्हावीत, आणि आपली रसायन व बृंहण चिकित्सा तिच्या सोबत, तिच्या जागी नव्हे, चालावी.

औषधविक्रेत्या बंधूंचे स्थान येथे वैद्यांइतकेच महत्त्वाचे आहे. खोकल्याची बाटली तिसऱ्यांदा मागणारा ग्राहक प्रथम त्यांनाच दिसतो. क्षयरोगाची नोंद कळविणे मे २०१२ पासून सर्व आरोग्यसेवा देणाऱ्यांना बंधनकारक आहे, आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषध दुकानांनाही त्यात स्पष्टपणे समाविष्ट केले. क्षयरोगाची औषधे अनुसूची एच-१ मध्ये असल्याने त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागतेच. उद्या कोणी संगणकाचा कागद पुढे करून औषध मागेल. तेव्हा तो कागद म्हणजे चिठ्ठी नव्हे, हे नम्रपणे सांगून त्यास तपासणीकडे वळविणे हीच खरी सेवा होय. तसेच आपल्या दुकानात वा चिकित्सालयात असे यंत्र बसविण्यापूर्वी, वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये त्यास परवाना आहे काय, हे पाहावे. १ एप्रिल २०२० पासून निदानाची संगणकीय प्रणालीही या नियमांच्या कक्षेत आली आहे.

यंत्र कोठे वापरले जाते यालाही महत्त्व आहे. मधुमेहातील नेत्रपटलविकार ओळखणाऱ्या गुगलच्या प्रणालीचे निष्कर्ष २०१६ साली अतिशय उत्तम आले होते. तिला शिकविताना वापरलेल्या चित्रांत आपल्या देशातील नेत्र रुग्णालयांची चित्रेही होती. पुढे थायलंडमधील अकरा चिकित्सालयांत ती वापरली गेली, तेव्हा २०२० च्या अहवालानुसार पाचांत एकाहून अधिक चित्रे प्रणालीने ‘अस्पष्ट’ म्हणून नाकारली. अनेक ठिकाणी चित्र घेण्यासाठी पुरेशी अंधारी खोली नव्हती. ट्यूबलाइटपुढे फिल्म धरून मोबाईलवर काढलेले छायाचित्र कोठेतरी पाठवून निदान मागविणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा.

शेवटी आपल्या घरचा प्रश्न. नाडीच्या लहरी संगणकावर नोंदविणाऱ्या ‘नाडी तरंगिणी’वरील संशोधन पुणे आणि मुंबई येथील अभ्यासकांनी २००७ साली मांडले. जिव्हा, नेत्र, त्वचा यांच्या छायाचित्रांवरून दोषनिर्णय करणारी यंत्रे हीही पुढची स्वाभाविक पायरी आहे. मी तिला विरोध करीत नाही. परंतु क्षयरोगाच्या यंत्राला शिकविताना थुंकीची साक्ष हाताशी होती. जिव्हा साम की निराम, याची साक्ष कोण देणार? उत्तर एकच : वैद्य. आणि एकच जिव्हा पाहून दहा वैद्यांनी दहा मते दिली, तर यंत्र त्यांतून कोणते सत्य शिकणार? ते आपला मतभेदच मोठ्या वेगाने आणि मोठ्या आत्मविश्वासाने छापून देईल.

म्हणून संघटनेपुढे एक विनंती ठेवतो. कोणत्याही कंपनीशी करार करण्यापूर्वी आपण स्वतःची परीक्षा घ्यावी. जिव्हेची शंभर छायाचित्रे एकसारख्या प्रकाशात काढावीत, वीस सभासदांनी परस्परांशी चर्चा न करता प्रत्येकाविषयी मत लिहावे, महिन्याने तेच पुन्हा करावे, आणि एकमेकांशी व स्वतःशी आपले मत किती जुळते, ते याच त्रैमासिकात प्रसिद्ध करावे. यास खर्च अल्प आहे. धैर्य मात्र लागेल. मत जुळले तर यंत्राला शिकविण्याजोगे काही आपल्याजवळ आहे, हे सिद्ध होईल. न जुळले तर प्रथम आपणच पुन्हा शिकावयास बसावे.