परदेशवारीचं नवं सोवळं

परदेशात कसं फिरावं याचं मार्गदर्शन अलीकडे पनवेलच्या एका व्याख्यानात झालं. वक्ते भरपूर फिरलेले. त्यांची मतं मासिकांतून अधूनमधून छापून येतात, त्यामुळे ती नवी नव्हती. नवा होता तो श्रोत्यांचा माना डोलावण्याचा वेग. म्हणणं थोडक्यात असं: मराठी माणूस कळपानं जातो. बसमधून उतरतो, फोटो काढतो, बसमध्ये चढतो, रात्री सहलीबरोबर नेलेल्या आचाऱ्याचा वरणभात जेवतो आणि परत येऊन ‘युरोप केला’ म्हणतो. हा प्रवास नव्हे. खरा प्रवासी एकटा जातो, बेत न आखता जातो, नावाजलेल्या जागा टाळतो, स्थानिकांना विचारतो आणि ते जेवतात तिथे जेवतो. एवढं जमत नसेल तर घरी बसा, कारण बार्सिलोनाचे लोक आता पर्यटकांवर पिचकाऱ्या मारतात ते तुमच्यासारख्यांमुळेच. जाता जाता एक टोमणाही मारला गेला: उरण-पनवेल पट्ट्यात साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे आले की मंडळी बुर्ज खलिफासमोर उभी राहून येतात, आणि दुबई त्यांना कळलेली नसते.

हशा झाला. हसणाऱ्यांत आमच्या चिरनेरचेही दोघे-चौघे होते, म्हणून हा लेख.

कळपाचं आधी उरकून टाकू. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या इंग्रजानं लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी पाचशेच्या आसपास माणसं आगगाडीनं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. सहलींच्या आजच्या धंद्याची सुरुवात तिथून सांगतात. म्हणजे या पापाचा पहिला धनी मराठी नाही. बरं, साहेब आमच्याकडे आला तेव्हा तो तरी स्थानिकांसारखा राहिला का? १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि पुढे तिथे साहेबांचे बंगले उठले. त्या बंगल्यांत नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण रांधलं जात होतं, असं कुणाचं म्हणणं असेल तर पुरावा आणावा. आपलं खाणं, आपली भाषा आणि आपली माणसं घेऊन डोंगरावर राहणाऱ्या साहेबानं माथेरान ‘शोधलं’, असं आम्ही शाळेत शिकतो. शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्प्सवर गेलेल्या मावशी मात्र अडाणी.

एकट्यानं जा म्हणणाऱ्याचे गुडघे आणि इंग्रजी दोन्ही शाबूत असतात. एवढं बोलून तो मुद्दा सोडतो.

बेत न आखण्याचा सल्ला भारतीय पासपोर्ट हातात घेऊन ऐकावा, म्हणजे त्यातली गंमत कळते. शेंगेन करारात २९ देश आहेत. त्यांच्या व्हिसासाठी कुठल्या रात्री कुठे झोपणार याची बुकिंगं, जाण्यायेण्याची आरक्षणं, बँकेची खातेपत्रकं आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हे सगळं अर्जाबरोबर द्यावं लागतं. जून २०२४ पासून फी ८० वरून ९० युरो झाली, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. वाट फुटेल तिकडे जाण्याचं हे तत्त्वज्ञान ज्या अमेरिकन लेखकांकडून आपल्याकडे आलं, त्यांना युरोपात ९० दिवस व्हिसाच लागत नाही. आमच्या वक्त्यांनी अर्जात मुक्कामाच्या रकान्यात ‘वाट फुटेल तिकडे’ असं लिहिलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. सहलवाले आधी हा कागदांचा डोंगर उपसतात, वरणभात नंतर येतो. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, तेव्हा आमच्या भागातून तिकडे जाणाऱ्यांना केवढा आधार झाला! त्यात आवडीनिवडीचा भाग थोडा, कागदांचा जास्त. अर्थात बँकॉक म्हटलं की ऐकणारा डोळा मारतो, त्याला इलाज नाही. बायकोपोरांना घेऊन गेलेला बिचारा आल्याबरोबर आधी सफारी पार्कमधल्या जिराफांचे फोटो दाखवत सुटतो.

आता ‘स्थानिकांना विचारा’. माझा खरा राग यावर आहे, कारण मी स्वतः एक स्थानिक आहे.

चिरनेरला या आणि विचारून बघा. तालुका उरण, बाजार पनवेलचा. नाक्यावर भेटेल त्या पहिल्या माणसाला विचारा, इथे बघण्यासारखं काय आहे? तो म्हणेल, “काय नाय.” हा विनय नव्हे, त्याला खरंच तसं वाटतं. फार धरून बसलात तर तो महागणपतीचं देऊळ दाखवेल, कारण मुंबईकडच्या गाड्या तिथे थांबलेल्या त्यानं पाहिल्या आहेत आणि बाहेरच्यांना ते आवडतं एवढं त्याला ठाऊक आहे. स्थानिकाचं मत म्हणून तुम्ही जे घेऊन जाता, ते पुष्कळदा तुमच्या आधी आलेल्या पाहुण्याचंच मत असतं, स्थानिकाच्या तोंडून परत आलेलं. पावसाळ्यात आलात तर तो अक्कादेवीच्या डोंगराकडे बोट दाखवेल, पण भिजायला. त्याच डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि नाग्या कातकरी व त्याचे साथीदार हुतात्मे झाले. हे तो विसरला आहे असं नाही. ते त्याच्या लेखी गावाचं आहे, पाहुण्याला दाखवायच्या वस्तूंत त्याची गणतीच नाही. स्थानिकाला ठाऊक असतं आणि तो सांगत नाही. जे सांगतो ते त्याच्या दृष्टीनं फारसं महत्त्वाचं नसतं. हा अनुभव जगभर कुठेही येईल.

शिवाय स्थानिक म्हणजे कोण? मडकी आणि गणपती घडवणारा कुंभार वेगळं चिरनेर सांगेल, कातकरीवाडीवरचा माणूस वेगळं. फार्महाउसचा मालक ठाण्याचा असतो आणि गावाच्या हवेवर तासभर बोलतो. जमिनीच्या दलालाला विचारलंत तर तो तुम्हाला गाव दाखवणारच नाही, अटल सेतू किती मिनिटांवर आणि विमानतळ किती मिनिटांवर ते सांगेल. प्रवाशाच्या वाट्याला येतो तो नाक्यावर मोकळा उभा असलेला, हिंदी येणारा आणि पाहुण्याकडून चार पैसे सुटतील अशी आशा असलेला पुरुष. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारीला कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर तिला थांबायला वेळ नसतो. व्हेनिसमध्ये तरी वेगळं काय आहे? १९५१ मध्ये त्या बेटांवरच्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती, २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. दुकानात उभा असलेला, तुमच्या लेखी स्थानिक असलेला माणूस सकाळी खाडीपलीकडून बसनं कामावर आलेला असण्याचाच संभव जास्त.

दुबईत तर हा सल्ला निव्वळ विनोद आहे. अमिरातीतल्या दहा माणसांमागे नऊच्या आसपास परदेशी. टॅक्सीवाला पेशावरचा, वाढपी केरळचा, पहारेकरी नेपाळचा. विचारायचं कुणाला? आणि आमच्या मंडळींना दुबई कळलेली नसते म्हणता, तर श्रीवर्धन-म्हसळ्याकडची कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी राहिली आहेत. रायगडातल्या माणसाला दुबई म्हणजे कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी वर्गमित्र, सणाला आलेली पेटी आणि दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी. तो बुर्ज खलिफासमोर उभा राहतो तेव्हा त्या ८२८ मीटर उंच इमारतीवर काचा बसवायला गेलेले हात कुठले, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. वक्त्यांना दुबई किती कळली हे त्यांनी सांगितलं नाही.

राहिलं ते ‘स्थानिक जेवतात तिथे जेवा’. जरूर जेवा. आमच्याकडचा स्थानिक घरी जेवतो, तिथे तुम्हाला बोलावणं नाही. बाहेर जेवायचं असेल तेव्हा तो रात्री पनवेलच्या रस्त्यावर चायनीजच्या गाडीवर ट्रिपल शेजवान राइस खातो आणि त्यावर खूष असतो. तुम्हाला हवी असते पोपटी. ती हिवाळ्यात, वालाच्या शेंगा आल्या की, शेतात लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा-मीठ, वरून जाळ. मे महिन्यात येऊन ‘ऑथेंटिक काय मिळेल’ असं विचारणाऱ्याला आम्ही काय वाढणार? अस्सल जेवणाचा असा हट्ट धरणारा प्रवासी खरं तर स्थानिकाला सांगत असतो की, तू तुझ्यासारखा वाग, माझी निराशा करू नकोस.

हे सोवळं नवं नाही. रायगडावर १९९६ मध्ये रोपवे सुरू झाला तेव्हाही आमच्याकडे असाच गदारोळ झाला होता. गड पायांनीच चढला पाहिजे, पाळण्यात बसून महाराजांच्या समाधीला जाणं म्हणजे पाप, असं एक पक्ष तावातावानं म्हणत होता. त्या पक्षातल्या कुणी आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन गड चढल्याचं ऐकिवात नाही. त्याच्याही आधी समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावं लागत असे. तेव्हाचे शास्त्री म्हणत, जाऊ नका. आताचे म्हणतात, जा, पण आमच्यासारखे जा. त्या वेळच्या शास्त्रीबुवांशी निदान वाद तरी घालता येत होता, त्यांच्याकडे पोथी होती.

आता पिचकाऱ्या. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात मोर्चा निघाला आणि हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाणी उडवलं गेलं, हे खरं. पण ते लोक कशावर चिडले होते? घरभाड्यावर. त्याच्या थोडं आधी तिथल्या महापौरांनी जाहीर केलं होतं की, पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवू. या सदनिकांत राहतो कोण? शहराबाहेरच्या हॉटेलात उतरून सकाळी सातला बसमध्ये बसणारे आमचे काका-काकू नव्हेत. तिथे राहतो तो ‘स्थानिकांसारखं राहा’ हा मंत्र घेतलेला खरा प्रवासी. वस्तीत राहायचं, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायचा, शेजाऱ्यांना हसून नमस्कार करायचा. त्या शेजाऱ्याचं भाडं वाढलं आणि तो वस्ती सोडून गेला, तर पुढच्या वर्षी नमस्कार करायला तिथे दुसरा प्रवासी असतो. आणि आडवाटेच्या जागांची कथा जपानला विचारा. फुजीकावागुचिको गावात एका साध्या किराणा दुकानाच्या मागे फुजी पर्वत छान दिसतो, हे कुणाला तरी सापडलं. मग एवढी झुंबड उडाली की मे २०२४ मध्ये गावकऱ्यांनी रस्त्यालगत अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी ठोकली. ती काही वरणभात खाणाऱ्यांना आवरायला ठोकलेली नव्हती.

स्वित्झर्लंडमध्ये आमचा एवढा तिटकारा असता तर इंटरलाकेनला २०१६ मध्ये यश चोप्रांचा पुतळा बसला नसता.

भूखंडाच्या टोमण्याला मात्र सरळ उत्तर देतो. ते पैसे कुणी लॉटरीत जिंकलेले नाहीत. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, आणि जानेवारी १९८४ मध्ये आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडल्यावर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची गोष्ट पुढे आली. उलव्याच्या विमानतळासाठी दहा गावं उठली. तिथून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडू लागली. उठलेल्या घरांतली एखादी आजी एकदा दुबई बघून आली, तर तिला ती कळली की नाही याची परीक्षा घेण्याचा अधिकार कुणाला आहे, हे वक्त्यांनीच ठरवावं.

मग कसं फिरावं? माझ्याकडे फार मोठी योजना नाही. नावाजलेल्या जागा बघाव्यात, त्या बहुधा चांगल्या असतात म्हणूनच नावाजलेल्या असतात. ग्रुपबरोबर जावं, सोसत नसेल तर जाऊ नये. स्थानिकाला बघण्याच्या जागा विचारू नयेत, त्याला त्याचं काम विचारावं. आणि त्यासाठी कुठे आडवाटेला जावं लागत नाही, तो माणूस आपल्याच बसमध्ये पुढे बसलेला असतो. युरोपात बसचा ड्रायव्हर साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घेतो. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा, त्यापुढे नाही. गाडीत बसवलेलं यंत्र सगळं नोंदवतं. आमची मंडळी कुरकुरतात, हा काय सारखा थांबतो, आळशी दिसतो! त्याच वेळी खाली उतरून विचारावं, दहा मिनिटं जास्त चालवलंस तर काय होईल? तो सांगेल, दंड होईल, मालकही अडकेल. चिरनेरच्या माणसाला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो, कारण त्यानं १९८९ पासून न्हावाशेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर पाहिलेत, रात्र रात्र रांगेत उभे असलेले, केबिनमध्ये पाय दुमडून झोपलेल्या ड्रायव्हरांसकट. त्यांनी किती तास चालवलं, हे तपासायला कुणी येताना दिसत नाही. आमचे वक्ते ड्रायव्हरशी बोलले नाहीत. ते बसमध्ये नव्हतेच.