उन्हाची ओळख

परसबागेत वांगी, मिरची किंवा टोमॅटो लावणाऱ्या पुष्कळांची एकच तक्रार असते : वाफ्यात तरारलेली रोपे जागा बदलताच माना टाकतात. मग दोष मातीला दिला जातो, नाही तर बियाण्याला. वस्तुतः दोष असतो तो अति मायेचा आणि अति घाईचा.

सावलीत, मुबलक पाण्यावर वाढलेले रोप उंच दिसते. पण त्याची पाने नाजूक व खोड लुसलुशीत असते. ते एकाएकी भर उन्हात लावले, तर उपटताना दुखावलेली मुळे पुरेसे पाणी शोषू शकत नाहीत. पाने मात्र ते झपाट्याने गमावतात. म्हणून चार-पाच आठवड्यांचे रोप हलविण्यापूर्वी आठवडाभर त्याचे पाणी हळूहळू कमी करावे. पहिल्या दिवशी तासभर सकाळचे ऊन द्यावे आणि रोज ते थोडे वाढवावे. याने वाढ किंचित मंदावते. परंतु पाने जाड होतात, खोड कणखर बनते. लावणीच्या आदल्या दिवशी वाफा भिजवावा, म्हणजे मुळे मातीसह निघतात. लावणी सायंकाळी करावी व लगेच पाणी द्यावे.

रोपाला सदैव सावलीत ठेवणे ही खरी माया नव्हे. तसेच त्याला एकदम उन्हात लोटणे हे शिक्षणही नव्हे. माणसांच्या बाबतीत तरी याहून वेगळे काय आहे? रोपाने मान टाकली, की त्याला दुबळे म्हणण्यापूर्वी माळ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उन्हाशी त्याची ओळख कोणी करून दिली होती काय?