शाळेचा संगणक अडला की आधी ‘फॉरमॅट मारा’ म्हणू नका



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बऱ्याच प्राथमिक शाळांत एक तरी संगणक आहे. कुठे लोकवर्गणीतून आला, कुठे गावातल्या नोकरदार मंडळींनी दिला. आला त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाला. त्यानंतर त्या डब्याचं झाकण उघडून आत कुणी बघितलं का, असं विचारलं तर बहुतेक जण एकमेकांकडे बघतील. मग एक दिवस तो हँग होतो, आपोआप बंद पडतो आणि कुणीतरी सांगतं, “फॉरमॅट मारा, ठीक होईल.” माझ्या मते हा सल्ला शाळेला सगळ्यात महागात पडतो.

यू-डायसची किंवा शालार्थची माहिती सर्व्हरवर असते, ती कुठं जात नाही. जाते ती आपली स्वतःची: जुनी निकालपत्रकं, शिष्यवृत्तीचे सराव पेपर, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं, स्नेहसंमेलनाचे फोटो. म्हणून आधी दुखणं ओळखायचं.

उन्हाळ्यातली सकाळची शाळा यासाठी फार उपयोगी आहे बघा. साडेसातला लावलेला संगणक व्यवस्थित चालतो, अकराच्या पुढे पत्रा तापला की पंखा घरघरतो आणि संगणक फट्‌कन बंद होतो. थोडा वेळ थांबून लावला की पुन्हा सुरू. असं असेल तर बहुधा उष्णतेचंच दुखणं. प्रोसेसर फार तापला तर स्वतःला वाचवायला तो मशीन बंद करतो. यात फॉरमॅटचा काडीचाही उपयोग नाही.

हार्ड डिस्कची लक्षणं वेगळी. वेळ कुठलीही असो, एखादी फाईल उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, कॉपी करताना मध्येच अडकतं, कालपर्यंत उघडणारा फोटो आज अर्धाच दिसतो. आतून टक-टक आवाज यायला लागला तर ताबडतोब थांबायचं. त्या डबीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यावर इतक्या कमी अंतरावर तरंगतं, की केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सासुद्धा नाही. तिथं काही खरवडलं गेलं तर तेवढी माहिती कायमची गेली.

डिस्कची तब्येत दाखवणारी क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. त्यात ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे बघा. ते शून्यावरून वर सरकायला लागले तर समजायचं. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक सापडल्यावर ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त, असं त्यात दिसलं. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी अर्ध्याहून जास्त डिस्कनी अशी ठळक सूचना दिलीच नव्हती, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे ‘गुड’ दिसलं म्हणून निर्धास्त राहायचं नाही. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं, मगच चेकडिस्क चालवायचं. आजारी डिस्कवर चेकडिस्कचाही ताण येतोच.

उष्णतेचं म्हणाल तर आपल्याकडे ऊन आणि धूळ दोन्ही भरपूर. पाथर्डी-जामखेडकडे फुफाटा, कोपरगाव-श्रीरामपूरकडे हंगामात पाचटाची काजळी, आणि सगळीकडे खडूची भुकटी. हे सगळं पंख्यात आणि त्याखालच्या जाळीत बसतं. त्यात आपण संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून ठेवतो; काही ठिकाणी तर चालू संगणकावर प्लॅस्टिकचं कव्हर! बहुतेक डिस्कना कंपनी साधारण ६० अंशांची मर्यादा देते. खोलीच चाळिशी ओलांडत असेल तर बंद कप्प्यातली डिस्क त्या मर्यादेच्या किती जवळ जाईल, तुम्हीच विचार करा.

उपाय काही अवघड नाहीत. डबा फळ्यापासून दूर आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, कप्प्याची मागची फळी काढून टाका. महिन्यातून एकदा प्लग काढून, झाकण उघडून रंगाच्या कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, म्हणजे हवेने गरगर फिरणार नाही. ओलं फडकं अजिबात नको. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती जाणकाराकडूनच बदलून घ्या. अचानक वीज गेली तर डिस्कलाही झटका बसतो, म्हणून यूपीएसची बॅटरी जिवंत ठेवा.

खरी अडचण पैशाची नाही, सवयीची आहे. संयुक्त शाळा अनुदानातून दुरुस्ती-देखभाल करता येते, पण समितीच्या बैठकीत ‘संगणक देखभाल’ हा विषय निघतच नाही. पालकांनाही एक सांगणं आहे: दुसरा टीव्ही देण्यापेक्षा एक एसएसडी आणि बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क द्या. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, जुना संगणकही चांगला पळतो. मात्र तीही न सांगता जाऊ शकते, म्हणून बॅकअप लागतोच.

आणि दुकानदार जुनी डिस्क “ठेवून घेतो” म्हणाला तर देऊ नका. तिच्यात आपल्या मुलांचे आधार क्रमांक असतात, आणि साध्या फॉरमॅटनंतरही ते बाहेर काढता येतात. नाव-तारखेची चिठ्ठी लावून ती डिस्क शाळेच्या कपाटात कुलपात ठेवा.