एका घरातले चार चष्मे

आज आधी एक कबुली देते आणि मग पुढचं सांगते.

गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण ती हे पान वाचते आणि नाव छापलं तर माझ्याशी कट्टी करील. ती उंच, म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तोंडी गणितात ती सगळ्यांच्या पुढे. सत्तावीसचा पाढा उलटा विचारा, न अडखळता म्हणेल! पण फळ्यावरून उतरवून घेतलेलं गणित मात्र हमखास चुकायचं. मी लिहिलेल्या ५ चा तिच्या वहीत ४ व्हायचा, १ चा ९ व्हायचा. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" असं मी किती वेळा म्हटलं असेन! वहीत लाल शाईने 'निष्काळजीपणा' असा शेराही मारला. आणि शिक्षा काय केली, तर तेच गणित पाच वेळा उतरवून काढ. कुठून? त्याच फळ्यावरून, त्याच शेवटच्या बाकावरून.

मग एके दिवशी शाळेत तपासणीचं पथक आलं. तुमच्याही शाळेत येतं ना? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या नावाची सरकारी योजना २०१३ पासून देशात सुरू आहे. तिच्या पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. ते वर्षातून एकदा शाळेत येतात आणि अंगणवाडीत दोनदा. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. उलटसुलट, आडवी-उभी अशी इंग्रजी 'ई' अक्षरं असतात ना, तो. सहा मीटर अंतर टेपने मोजून आमची मुलगी उभी राहिली. एक डोळा झाकला. वरच्या दोन-तीन ओळींनंतर ती गप्पच झाली. म्हणाली, "बाई, खाली काही लिहिलंच नाहीये."

डॉक्टरांनी संदर्भ चिठ्ठीवर ६/३६ असं लिहिलं. याचा अर्थ, चांगल्या नजरेच्या माणसाला जे अक्षर ३६ मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला हिला सहा मीटरवर यावं लागतं. पुढे रुग्णालयात नंबर निघाला: उजव्या डोळ्याचा उणे २.५०, डाव्याचा उणे २. आता उणे २.५० म्हणजे काय, ते गणितानेच पाहू. १०० ला २.५ ने भागा. उत्तर ४०. म्हणजे चष्म्याशिवाय उजव्या डोळ्याला ४० सेंटिमीटरपर्यंतचंच स्वच्छ दिसतं, त्यापलीकडे सगळं धूसर. दप्तरातली फूटपट्टी काढा, तिच्यापुढे चार-पाच बोटं ठेवा. संपलं तिचं जग! आणि माझा फळा तिच्यापासून पाच मीटरवर.

पुढचं सगळं मी तिच्या घरच्यांबरोबर फिरून शिकले. हा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा बरं का, कारण पैशांची गोष्ट आता सुरू होते.

तिचे बाबा रिक्षा चालवतात. चिठ्ठी मिळाल्यावर ते बिचारे लेकीला घेऊन सरळ तालुक्याच्या बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथे यंत्रासमोर बसवून दोन मिनिटांत नंबर काढला आणि हिशेब सांगितला: फ्रेम १४०० रुपये, काचा १८०० रुपये, कारण काचा मोबाइलच्या निळ्या उजेडापासून डोळे वाचवणाऱ्या. एकूण ३२००. बाबा गप्प घरी आले. आई म्हणाली, "दिवाळीनंतर बघू." आजी म्हणाल्या, "पोरीच्या जातीला आतापासून चष्मा लागला तर पुढे स्थळं कशी यायची? त्यापेक्षा गाजरं खाऊ घाला."

मी घरी गेले तेव्हा आजींना एवढंच विचारलं, "पोरीला फळा दिसला नाही आणि ती नापास झाली, तर स्थळं येतील का?" आजी हसल्या, पण पटलं नव्हतं त्यांना. गाजराचं म्हणाल, तर गाजर, पालेभाज्या, पपई खायलाच हव्यात. त्यातल्या अ जीवनसत्त्वाची कमतरता झाली तर रातांधळेपणा येतो. पण बुबुळाच्या आतला पडदा आणि भिंग यांचं अंतर जुळत नसेल तर ते गाजराने जुळत नाही. आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतो हीसुद्धा नुसती समजूत. नंबर वाढतो तो मुलाच्या वाढत्या वयाबरोबर डोळा लांबट होत जातो म्हणून.

मग आम्ही सरकारी वाट धरली. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. डोळे तपासून नंबर काढणं हे त्यांचंच काम. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. आणि अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून गरजू शाळकरी मुलांना चष्मा फुकट मिळतो. हे सगळं कागदावर छान वाटतं. आमची पहिली फेरी मात्र वाया गेली. त्या दिवशी साहेब दुसऱ्या गावी शिबिराला गेले होते. बाबांचा एक दिवसाचा धंदा बुडाला. म्हणून सांगते, जाण्याआधी फोन करून किंवा गावातल्या आशाताईंना विचारून डोळ्यांच्या तपासणीचा वार पक्का करा. तो वार कळला की घरातल्या सगळ्यांना एकदमच घेऊन जा. चार माणसांच्या चार फेऱ्या करू नका.

दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं. आई, आजी, बाबा, मुलगी आणि मी, सगळे एकाच रिक्षात!

मुलीच्या डोळ्यांत आधी थेंब घातले. मुलांचा डोळा जवळचं बघायला सारखा ताणून धरलेला असतो. थेंबांनी तो सैल होतो आणि मगच खरा नंबर कळतो. थेंबांशिवाय यंत्राने काढलेला आकडा म्हणजे अंदाज. आमच्या दुकानदाराने उजव्या डोळ्याचा उणे ३.२५ काढला होता! थेंबांनंतर निदान तो दिवसभर जवळचं वाचता येत नाही आणि उन्हात डोळे दिपतात, कधी कधी दुसऱ्या दिवशीही. तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. टोपी न्या.

आजींना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्यांना वाटत होतं, वयामुळे घरातला दिवाच मंद झालाय. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात भिंग बसवून मोफत होते, आणि त्यांची झालीही. आईला चाळिशी लागली होती. पाहा, आपल्या भाषेत हा शब्द किती नेमका आहे! चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठ व्हायला लागतं, मग जवळचं दिसेनासं होतं. आई ब्लाउज शिवतात. सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारायच्या आणि "तुझी बोटं बारीक गं" असं कारण सांगायच्या. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि तिरपा नंबर नाही, असं तपासणीत निघालं. अशा वेळी वाचण्यापुरता बाजारातला तयार चष्मा चालतो. तो त्यांना १५० रुपयांत मिळाला. पण एकदा तपासून घेतल्यावरच हं. काचबिंदू हा रोग दुखल्याखुपल्याशिवाय नजर खातो, आणि तो तयार चष्मा विकणाऱ्याला दिसत नाही.

आणि बाबा! "मला काय झालंय?" म्हणत होते. त्यांनाही लांबचा नंबर निघाला, उणे १.२५. जुना, नंबर बदललेला चष्मा रिक्षाच्या खणात पडून होता. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आम्ही त्याच जुन्या फ्रेममध्ये फक्त काचा बदलून घेतल्या. ४०० रुपये लागले. फ्रेम धड असेल तर नवीन घ्यायची गरज नसते, हे दुकानात आपणहून कुणी सांगत नाही, आपण विचारायचं.

नंबरचा कागद मागून घ्यायचा, तो आपला असतो. तो घेऊन तीन दुकानांत भाव विचारता येतो. कागदावर उजवा, डावा, गोल नंबर, तिरपा नंबर आणि त्याचा कोन एवढं स्पष्ट लिहिलेलं हवं. दोन बाहुल्यांमधलं अंतरही लिहून घ्या. फ्रेम आणि काचा यांचे भाव वेगवेगळे सांगायला लावा. मुलांना हलकी प्लास्टिकची फ्रेम आणि प्लास्टिकच्याच काचा पुरतात. खेळात चेहऱ्यावर चेंडू बसण्याची भीती असेल, तर पॉलिकार्बोनेटच्या काचांना जास्त पैसे देणं योग्य, त्या सहसा फुटत नाहीत. निळ्या उजेडाच्या काचांचं मात्र मला पटत नाही. कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकावर काम करून डोळ्यांना येणारा थकवा अशा काचांनी कमी होतो, असं त्यात आढळलं नाही. मग १८०० रुपये कशाचे?

बाबांनी विचारलं होतं, "बाई, ते दवाखान्याचं कार्ड चष्म्याला चालतं का?" नाही चालत. आयुष्मान किंवा महात्मा फुले योजना रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. नोकरदारांच्या नेहमीच्या मेडिक्लेममध्येही चष्म्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणून तर शाळेतली ती चिठ्ठी जपून ठेवायची. पथक गेलं आणि चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळली, असं फार होतं. होतं ना?

फुकट चष्मा लगेच मात्र येत नाही. आमच्या मुलीचा सात आठवड्यांनी आला. तोवर मी तिला पहिल्या बाकावर आणलं, पण ४० सेंटिमीटरवाल्याला पहिला बाकही लांबच! म्हणून गणितं कागदावर लिहून द्यायला लागले. सात आठवड्यांच्या पुढे गेलं असतं तर साधा चष्मा विकतच घ्या, असं मी बाबांना सांगणार होते. फुकटची वाट बघत अख्खं वर्ष घालवणं हे सगळ्यात महाग पडतं.

चष्मा आला त्या दिवशी तिने तो घातला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या साडीवर फुलं आहेत होय? मला वाटायचं, डाग आहेत."

दुसऱ्या दिवशी चष्मा दप्तरात. का? मधल्या सुट्टीत दोघांनी 'ढापणी' म्हटलं होतं. मी रागावणार, तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक मुलगा भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, गांधीजींना पण आहे. बाबासाहेबांना पण आहे." मग वर्गाने सगळे फोटो तपासले. चिडवणाऱ्या दोघांना मी त्या आठवड्याचं एक काम दिलं: रोज तिची काच पाण्याने आणि साबणाच्या एका थेंबाने धुऊन मऊ सुती कापडाने पुसून द्यायची. शर्टाच्या टोकाने पुसली तर चरे पडतात, हे त्यांना आता पाठ आहे.

घराचा हिशेब असा झाला: मुलीचा चष्मा शून्य, आजींची शस्त्रक्रिया शून्य, आईचे १५०, बाबांच्या काचा ४००. एकूण ५५० रुपये. शिवाय मुलीच्या दोन फेऱ्यांत बुडालेला रिक्षाचा धंदा आणि आजींच्या शस्त्रक्रियेचे दिवस वेगळेच. ते कुठल्याच योजनेच्या हिशेबात धरत नाहीत.

आता तुमच्यासाठी काम. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. त्यावरची बारीक तिथी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचा. आधी उजवा डोळा तळहाताने झाकून, मग डावा; डोळा दाबायचा नाही. धाकट्या भावंडांचीही अशीच परीक्षा घ्या. लिहिता-वाचता येत नसेल तर चित्रं विचारा. दोन डोळ्यांत फरक वाटला किंवा इतरांना दिसतं ते तुम्हाला दिसलं नाही, तर आजच घरी सांगा. एक डोळा अधू असला तरी दुसरा सगळं सांभाळून घेतो, त्यामुळे कळतच नाही. मग तो अधू डोळा आळशी होऊन बसतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर तो चांगला सुधारतो, पुढे अवघड होत जातं. आणि रोज दोनेक तास बाहेर उजेडात खेळा. लांबचा नंबर लागण्याची शक्यता त्याने कमी होते, हे संशोधनात दिसलं आहे. ही वाक्यं आईला दाखवायला माझी परवानगी आहे!

मुलांचा नंबर सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा तपासायचा असतो. आमच्या मुलीची पुढची तारीख जूनमध्ये आहे. तिने ती कॅलेंडरवर स्वतःच लाल पेनने लिहिली आहे, शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढी मोठी.